डाव्या हाताचे उद्योग

पेटीवाल्याला हात एकच असतो, उजवा. डाव्या खांद्यापासून खाली जे लोंबत असतं तो भात्याचा सुटा भाग. गवळण रंगात आली की लोक उजव्या हाताच्या बोटांकडे बघतात, माना डोलावतात, कोणी खूश होऊन दहाची नोट ठेवलीच तर तीही पेटीच्या उजव्या कोपऱ्यावर. डावा मात्र रात्रभर ओढ-ढकल, ओढ-ढकल करत बसलेला. महाडच्या बाजारपेठेत दिवसा वह्या-पेनं विकायची आणि रात्री भजनाला पेटी धरायची, यात माझी निम्मी हयात गेली. पण "तुमचा डावा हात काय सुंदर चालतो हो," असं अजून कोणी म्हटलेलं नाही. एकदा एका गृहस्थांनी विचारलं, "डावा खांदा दुखत असेल ना?" मी भरून येऊन "हो" म्हणालो. त्यानंतर अर्धा तास त्यांनी स्वतःच्या खांद्याची हकिकत सांगितली.

हा अन्याय मूळचा नाही. १८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँनं हार्मोनियमचं पेटंट घेतलं तेव्हा भाता पायाखाली होता. माणूस खुर्चीवर बसायचा, पायांनी हवा भरायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचा. ही पेटी बोटीनं हिंदुस्थानात आली आणि इथं एक अडचण निघाली. आपण गातो ते मांडी घालून. मांडी घातली की पाय कामातून गेले. मग कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमारास भाता पायाखालून काढून पेटीच्या पाठीला लावला आणि पायांचं काम सरळ डाव्या हाताच्या गळ्यात पडलं. तेव्हापासून आमचे पाय गादीवर मुंग्या येईपर्यंत विश्रांती घेतात आणि डावा हात दोन पायांची मजुरी करतो. पुढं १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत चालली. श्रुती लागत नाहीत, मींड निघत नाही, असे पुष्कळ आक्षेप विद्वानांनी घेतले. डाव्या हाताबद्दल तेव्हाही कोणी चकार शब्द काढला नाही.

असा हा माझा डावा हात सुखानं कष्टत असताना एके दिवशी दुकानात एक सर आले. एमआयडीसीत नोकरीनिमित्त आलेली काही ख्रिस्ती कुटुंबं, कोणी नगरकडची, कोणी जालन्याची, दर रविवारी बिरवाडीच्या रस्त्यावर एका हॉलमध्ये उपासनेला जमतात. त्यांचा कीबोर्ड वाजवणारा पोरगा बदली होऊन गुजरातेत गेला होता आणि नाताळ तोंडावर आला होता.

"काका, तुम्ही पेटी वाजवता ना?"

"वाजवतो."

"मग झालं तर! कीबोर्ड म्हणजे पेटीच. फक्त भाता नसतो."

"फक्त" हा शब्द माणसं फार बेफिकिरीनं वापरतात. मीही हुरळून "येतो" म्हणालो. तरी आमच्या बुवांची परवानगी घेणं आलं. बुवा पोलादपूरकडचे, गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "देवाचंच नाव ना? मग वाजव की. सप्त्याच्या तारखा तेवढ्या सोड." म्हणजे धर्माची अडचण नव्हती, कॅलेंडरची होती. बायकोनं विचारलं, "बिदागी काय?" ही खरी नास्तिक.

पहिल्या तालमीला गेलो. कीबोर्ड एका कैचीसारख्या लोखंडी स्टँडवर ठेवलेला. उजव्या हातानं सूर धरला, मंडळींनी गीत उचललं, आणि माझा डावा हात कोणाला न विचारता कीबोर्डच्या मागं जाऊन भाता शोधू लागला. भाता नव्हता, म्हणून त्यानं कीबोर्डच ढकलायला घेतला. ओढ-ढकल, ओढ-ढकल. पहिल्या कडव्याला स्टँड पाळकसाहेबांच्या टेबलाला लागला. दुसऱ्याला बायकांची पहिली रांग मागं सरकली. तिसऱ्या कडव्यात हातात वायर सापडली, ती त्यानं भात्याच्या निष्ठेनं ओढली आणि वाद्य बंद पडलं. मंडळी सुरात गातच राहिली. खरं सांगायचं तर मी वाजवत होतो त्यापेक्षा जास्त सुरात.

घरी हकिकत सांगितल्यावर बायको म्हणाली, "डावा हात खिशात घाला." पुढच्या तालमीला घातला. नगरच्या एक वयस्कर आत्याबाई आहेत. त्यांनी गाणं थांबवून चष्म्यावरून पाहिलं. "भाऊ, देवाच्या घरात खिशात हात?" मी बाहेर काढला. मग तो हवेत लोंबकळू लागला. भाताही नाही, खिसाही नाही. इतकी वर्षं राबलेल्या माणसाला एकदम सुट्टी दिली की तो जसा घरभर सगळ्यांच्या पायात येतो, तसं त्याचं झालं. शेवटी सर हळूच म्हणाले, "काका, आधीचा मुलगा डाव्या हातानंसुद्धा वाजवायचा. थोडे कॉर्ड, थोडा बेस. फार नाही, आपलं मनानं."

आता हे मनानं वाजवायचं म्हणजे काय, ते मला समजून घ्यावं लागलं. विलायती गीतांच्या पुस्तकात म्हणे एकाच ओळीचे चार सूर एकाखाली एक छापतात: सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस. वरचे दोन उजव्या हाताला, खालचे दोन डाव्याला. म्हणजे डाव्याच्या वाट्याला चक्क दोन माणसांचं काम. आमच्या भजनातही हे आहे, फक्त छापलेलं नाही. चाळीस माणसं एकच सूर लावायला बसतात आणि चाळीस लागतात. सरांनी माझ्या हातात जे मराठी गीतांचं पुस्तक दिलं त्यात नुसते शब्द होते. खालचे दोन सूर ज्यानं त्यानं आपल्या कुवतीप्रमाणे आणायचे. माझी कुवत तुम्हाला एव्हाना कळली असेल.

एखाद्याचा हात रिकामा आहे एवढी बातमी आपल्याकडे पुरते. दुसऱ्या दिवसापासून दुकानात सल्ले येऊ लागले. भाचा मोबाईल घेऊनच आला. "मामा, चारच कॉर्ड असतात. अख्खं जग चार कॉर्डवर चालतं." आमचा तबलजी म्हणाला, "डावा म्हणजे डग्गा. मी जिथं घुमवतो तिथं तू खाली एक सूर हाण. बाकी शास्त्र गेलं खड्ड्यात." शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी दोनशे पानी वही घेता घेता म्हणाले, "एक लक्षात ठेवा. सा-प वरून लगेच दुसऱ्या सा-पवर समांतर जायचं नाही. पाश्चात्त्य शास्त्रात निषिद्ध आहे." मी हादरलो. जन्मभर तंबोऱ्याचं प-सा कानाशी घेऊन बसलेल्या माणसाला पंचमाचीच भीती घातल्यावर त्यानं जायचं कुठं? वहीचे पैसे त्यांनी मागाहून देतो म्हणून सांगितलं. बायकोचा सल्ला सगळ्यात छोटा होता. "वाजवूच नका. त्याला गप्प बसवा." पियानोवर आयुष्य घालवलेले मोठमोठे कलावंत साठीनंतर याच निष्कर्षाला येतात असं भाच्यानं सांगितलं, पण घरातून आलेला सल्ला मानायचा नसतो, हेही एक शास्त्रच आहे.

मी तबलजी आणि भाचा यांच्यामधला मार्ग काढला. तीनच टोळ्या पाठ केल्या: सा-ग-प, म-ध-सां आणि प-नि-रें. गाण्यात जो सूर चालू असेल तो ज्या टोळीत बसतो ती टोळी डाव्या हातानं खाली दाबायची. कागदावर हे इतकं सोपं आहे की मला पेटीवाल्यांची कीव आली. पण सा हा पहिल्या टोळीतही आहे आणि दुसऱ्यातही. पंचम पहिलीत आहे आणि तिसरीतही. सुरांनासुद्धा दोन्ही पक्षांत पाय ठेवायची सवय. सा आला की मी विचारात पडायचो, हा कुणाकडचा? आणि माझा निर्णय होईपर्यंत मंडळी पुढच्या ओळीत गेलेली असायची. परिणामी माझा डावा हात इमानेइतबारे मागच्या ओळीची साथ करत राहिला. सर म्हणाले, "एक प्रकारचा इको येतोय." सर फार सज्जन आहेत.

एका गीतानं मात्र मला आशा दिली. 'अमेझिंग ग्रेस'ची चाल त्यांनी मराठी शब्दांना लावलेली होती. इंग्रजी शब्द अठराव्या शतकातल्या जॉन न्यूटनचे. ही चाल त्यांना १८३५ मध्ये अमेरिकेत चिकटली. मी दोन ओळी ऐकल्या आणि ओरडलोच, "अहो, हा भूप!" सा रे ग प ध, मध्यम नाही, निषाद नाही. डाव्या हातानं खाली सा-प धरला आणि समाधी लागली. तोच भाचा कानाशी आला. "मामा, तिसऱ्या शब्दाला एफ कॉर्ड पाहिजे." एफ म्हणजे म-ध-सां. भूपात मध्यम! माझ्या गुरूंनी हे ऐकलं असतं तर कान उपटून हातात दिला असता. मी बोट त्या पट्टीपर्यंत नेलं आणि परत आणलं. नेलं, आणलं. भाचा म्हणाला, "दाबा हो!" मी डोळे मिटून दाबलं. आणि सांगायला लाज वाटते, फार गोड वाटलं. त्या रात्री मी दोन वेळा उठून पाणी प्यालो.

पट्टीचा घोळ वेगळाच. सर म्हणणार, "ई फ्लॅट." मी म्हणणार, "काळी दोन." आत्याबाई म्हणणार, "जरा खाली घ्या हो, श्वास पुरत नाही." ट्रान्सपोज नावाचं एक बटण असतं, ते दाबलं की तुम्ही वाजवता एक आणि निघतं दुसरंच. राजकारणात हे बटण फार पूर्वीपासून आहे. मागच्या गीतासाठी मी ते दोन घरं खाली केलं होतं आणि परत करायचं विसरलो. मंडळी सरांच्या तोंडी सुरावर उभी राहिली, कीबोर्ड माझ्या बटणावर, आणि दोघं सन्मानपूर्वक अंतर राखून तीन कडवी चालले.

मग ते रेव्हरंड टिळकांचं भजन निघालं. नारायण वामन टिळक आपल्याच कोकणातले, १८६१ चा जन्म, गाव करजगाव. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण अभंग, ओवी, कीर्तन बरोबर घेऊनच गेले. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना हा अवलिया माहीत आहेच. घरचा पैसा ज्याच्या हातात टिकला नाही त्या माणसाला चाली मात्र झक्क सांभाळता आल्या. भजन सुरू झालं आणि सगळा हॉल बदलला. आत्याबाईंनी कुठून तरी टाळ काढले. नगरच्या एका दादांनी ढोलकीला थाप दिली. आणि माझ्या तीनही टोळ्या बेकार झाल्या. अभंगाच्या चालीला कॉर्ड लावायचा म्हणजे वारीतल्या माऊलींना टाय बांधायचा. डावा हात पुन्हा कीबोर्डच्या मागं गेला. या वेळी सरांनी पुढं होऊन स्टँड धरून ठेवला.

त्या रात्री मला त्या जुन्या स्कॉटिश मिशनऱ्यांचा हेवा वाटला. १८२३ मध्ये ते प्रथम कोकणात आले ते बाणकोटला, म्हणजे आमच्याच सावित्रीच्या मुखाशी. त्यांच्या देशात त्यांच्या चर्चमध्ये तेव्हा वाद्यच चालत नसे. स्तोत्र म्हणायचं ते नुसत्या तोंडानं. १८६० च्या दशकात एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये पहिलं वाद्य आत शिरलं आणि मोठा गदारोळ झाला. ते वाद्य कुठलं? हार्मोनियम! म्हणजे आम्ही तिथंही भांडण लावूनच आत गेलो. पण बाणकोटला उतरलेली ती मंडळी बिनवाद्याची होती. उजवा हात बायबलवर, डावा छत्रीला. कोकणात डाव्या हाताला याहून सन्माननीय काम नाही.

याच सुमारास भाच्यानं मला 'स्टाईल' दाखवली. कीबोर्डच्या डाव्या भागात एक बोट ठेवलं की अख्खी पार्टी सुरू होते: ड्रम, बेस, गिटार, मागून व्हायोलिनं. एका बोटात! मी त्याला मिठी मारली. इतक्या वर्षांच्या मजुरीनंतर माझ्या डाव्या हाताला अखेर कारकुनी मिळाली होती. 'स्लो वॉल्ट्झ' ठरवून ठेवला, नंबर हातावर पेनानं लिहिला आणि रविवारी रुबाबात जाऊन बसलो.

उपासनेत एक शांत वेळ असते. प्रत्येकानं डोळे मिटून आपापली पापं आठवायची आणि मागं अगदी हलकेच सूर ठेवायचा. पाळकसाहेबांनी खूण केली. हाताला घाम आल्यानं लिहिलेला नंबर पुसट झाला होता. मी अंदाजे बटण दाबलं आणि डावं बोट ठेवलं.

तो सांबा निघाला.

बंद करायला मी घाईनं एक बटण दाबलं. त्यानं ड्रमची एक लांबलचक उडी घेतली आणि दुप्पट जोरानं सांबा सुरू केला. दुसरं बटण दाबलं. त्यावर 'एंडिंग' लिहिलं होतं म्हणून विश्वास ठेवला. पण एंडिंग म्हणजे लगेच थांबणं नव्हे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडच्या आभारप्रदर्शनासारखंच ते. चार आवर्तनं, झांजा, बिगुल, मग शेवटचा धडाका. पाळकसाहेबांनी एक डोळा उघडला. मागच्या रांगेतली तीन पोरं बाकावर उभी राहून नाचत होती. माझी स्वतःची सगळी पापं मला एका दमात आठवली. उपासना संपल्यावर मी तोंड लपवून निघालो तर आत्याबाईंनी दारात गाठलं. "भाऊ, आज जरा जिवंत वाटलं हो."

नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळा हॉल पताका-चांदण्यांनी भरलेला. मी स्टाईलचा नाद सोडून पुन्हा तीन टोळ्यांवर आलो होतो. 'सायलेंट नाइट'ची चाल तीन टोळ्यांत बसते आणि दादऱ्याच्या वजनानं जाते, त्यामुळे डग्ग्याचा सल्लाही लागू पडत होता: सम आली की खाली एक सूर, मग वर दोनदा तीन बोटं. हे गीत पहिल्यांदा गायलं गेलं १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री, ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावच्या चर्चमध्ये, आणि साथीला ऑर्गन नव्हे तर गिटार होती. ऑर्गन बिघडला होता अशी आख्यायिका आहे. म्हणजे या गाण्याच्या जन्मातच ऐन वेळी वाद्य दगा देण्याचा योग. तो आमच्याकडेही साधला. पहिलं कडवं संपतंय तोच वीज गेली.

अंधारात माणसं एकदम तज्ज्ञ होतात. "फ्यूज बघा." "फ्यूज नाही, सगळा रस्ता गेलाय." "इन्व्हर्टर?" "तो मागच्या वर्षीचा." शेवटी तबलजी स्कूटरवर माझ्या दुकानी गेला आणि माझी पेटी घेऊन आला.

या पेटीबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. २०२१ च्या जुलैत सावित्री बाजारपेठेत शिरली तेव्हा पाणी पायरीला लागल्याबरोबर मी पहिली पेटी माळ्यावर टाकली. मग पाणी दुकानात. वह्या, रजिस्टरं, चित्रकलेचे कागद सगळं खाली. पूर ओसरल्यावर बायकोनं त्या लगद्याकडे बघितलं, मग वर कोरड्या ठणठणीत पेटीकडे बघितलं, आणि काही बोलली नाही. ती अजूनही काही बोलत नाही, आणि महिन्यातून एकदा तरी काही न बोलल्याची आठवण करून देते. बाकी पेटीला पुराची गरज नाही. आमच्या साध्या पावसाळ्यातही पट्ट्या फुगून बसतात आणि दाबलेला सूर वर यायला नकार देतो. श्रावणातल्या भजनात एक कोमल निषाद माझ्याकडे कायमचा मुक्कामाला असतो.

तर मेणबत्त्या लागल्या, पेटी आली, मी खाली मांडी घातली आणि डावा हात भात्यावर जाऊन विसावला. मी कपलर ओढला, मंडळी गायली. नुसती चाल, एकेक सूर, खाली ना टोळी ना बेस. संपल्यावर मी वाट बघत राहिलो. महिनाभर घडवलेला माझा डावा हात आज वाजलाच नाही, हे कोणीतरी म्हणेल. सर जवळ आले. डोळ्यांत पाणी. "काका, आज तुमचा बेस काय छान येत होता!" तो पेटीतल्या खर्जाच्या रीडचा आवाज होता. मी त्यात काहीच केलेलं नव्हतं. मी मान झुकवून "देवाची कृपा" म्हणालो. पाकीट मात्र घेतलं.

इथं हे प्रकरण मिटायचं. पण एकदा शिकलेली वाईट सवय पोलादपूरला माझ्यासोबत मिनीडोअरमध्ये बसून आली. पेटी मांडीवर, बुवा ड्रायव्हरशेजारी, सप्ता एका वाडीतला. कीर्तन झालं, जेवणं झाली आणि जागराला आमच्या मंडळाची पाळी रात्री दोनला लागली. बुवांनी रूपाचा अभंग घेतला. पखवाज घुमायला लागला, मी उजव्यानं साथ करत होतो, आणि सम येताना डाव्या हातानं भाता सोडून खाली सा-ग-प धरला.

दोन क्षण असा काही गंभीर नाद उठला की पेंगणारे टाळकरी जागे झाले. मग पेटीतली हवा संपली. आवाज खाली खाली जात कण्हून बंद झाला, आणि बुवा समेवर एकटेच पोचले. एका म्हाताऱ्या बाबांनी शेजाऱ्याला विचारलं, "गेला का कोण?"

पाळी संपल्यावर मी मंडपामागं शिव्या खायला गेलो. बुवा चहा फुंकत होते.

"ते खाली काय घुमलं?"

"कॉर्ड, बुवा. चुकून."

"ते ठेव. ते मला पाहिजे. पण पेटी बंद पडता कामा नये."

"दोन्ही कसं जमणार? हात दोन आहेत."

"तुला दोन आहेत. मंडळात माणसं चौदा आहेत."

अशा रीतीनं पखवाजवाल्या आबांचा नातू भात्यावर नेमला गेला. यात अपूर्व काही नाही असं भाचा म्हणतो. युरोपातल्या मोठमोठ्या चर्चमध्ये विजेची मोटर येण्याआधी ऑर्गनच्या मागं भाता मारायला माणसं ठेवलेली असत. बाख पुढं वाजवायचा, मागं कोणीतरी घाम गाळायचा. बाखचं नाव जगाला माहीत झालं. तेव्हा नातवाला मी सुरुवातीलाच समजावलं, की बाळा, ही सेवा आहे, यात नाव नसतं.

ते त्याला पटलं नाही. भाता पेटीच्या पाठीला असतो, म्हणजे भातावाला बसतो पेटीच्या पलीकडे, श्रोत्यांच्या बाजूला. पहिल्या रात्री तो माझ्याकडे तोंड करून बसला. दुसऱ्या रात्री अर्धा वळला. तिसऱ्या रात्री तो पूर्ण श्रोत्यांकडे तोंड करून, मागं हात नेऊन भाता मारत होता आणि समेला केस उडवत होता. तीन-तीन पट्ट्या खर्जात दाबल्या की पेटी हवा फार खाते, त्यामुळे त्याला अंग घुसळून मारावं लागे. लोकांना वाटायचं, सगळा जोर याचाच. ते काही अगदीच खोटं नव्हतं. द्रुत गजराला तो रंगात आला की पेटी लाऊडस्पीकरवर गरजायची. मध्येच त्याच्या मोबाईलवर मेसेज आला की मी, बुवा आणि पांडुरंग तिघंही हवेविना. नोट ठेवायला माणसं आता पेटीच्या पलीकडच्या बाजूला जाऊ लागली.

"काका, आज आपण तोडली ना मैफल?" तो मला विचारतो.

"आपण" हे मी ऐकून घेतो. माझा डावा हात आता टोळ्या धरतो, मनानं बेस फिरवतो, एकदा तर भूपात मध्यमही लावून बसला आणि बुवांनी "वा" म्हटलं. पण पुढच्या सप्त्याची पत्रिका छापून आलीय. मजकूर नेहमीप्रमाणे आबांनीच लिहून दिला होता. 'हार्मोनियम साथ' पुढं नातवाचं नाव आहे, ठळक टायपात, मागं 'चि.' लावून. माझं नाव शोधायला चष्मा लावावा लागला. ते खाली 'विशेष सहकार्य' मध्ये आहे, मंडपवाला आणि पाण्याचा टँकरवाला यांच्या मधोमध.